दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढायचा

लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाला साधारण ८ तास लागतात, तिकडून परत येणाऱ्याला ७. अंतर तेच, विमानाचा प्रकारही बहुतेक वेळा तोच. तरीही ‘या दोन शहरांमध्ये विमानाने किती तास?’ असं विचारलं की बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर एकच आकडा देतात, कारण ते अंतराला ठरावीक वेगाने भागतात आणि थांबतात. त्या आकड्यावर पुढची गाडी किंवा दुसरं विमान ठरवलं तर तासाभराचा घोळ सहज होतो. म्हणून अंतर आणि वेळ ही दोन वेगळी कामं समजा. अंतर एकदा नीट काढलं की ते बदलत नाही. वेळ मात्र दर दिशेला वेगळा काढावा लागतो.

शहर नव्हे, विमानतळ धरा

शहराच्या नावाने अंतर शोधलं तर आकडा येतो तो बहुधा एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचा. विमान तिथून उडत नाही. टोकियोचा हानेदा विमानतळ शहराच्या मध्यापासून १५ किलोमीटरच्या आसपास आहे, तर नारिता ६० किलोमीटरच्या. लांबच्या उड्डाणात हा फरक किरकोळ, पण ३०० किलोमीटरच्या प्रवासात तो गणित बिघडवतो, आणि जमिनीवरच्या प्रवासात तर तासभर खातो.

नावसाधर्म्याचाही घोटाळा होतो. सॅन होसे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसंच कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही. म्हणून शोधताना विमानतळाचा तीन अक्षरी कोड वापरा. कॅलिफोर्नियाच्या सॅन होसेचा कोड एसजेसी, कोस्टा रिकाच्या सॅन होसेचा एसजेओ. एका अक्षराचा फरक, पण जागा हजारो किलोमीटर लांब.

अंतर: साध्या कॅल्क्युलेटरवर

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता नकाशावर कमानीसारखा दिसतो. त्याला बृहद्वृत्त म्हणतात, विमान क्षेत्रात ग्रेट सर्कल हाच शब्द चालतो. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशात सरळ पश्चिमेला जाणारी रेघ ओढली तर ती सुमारे ५,९३० किलोमीटर भरते. उत्तरेकडे फुगलेली कमान सुमारे ५,७६० भरते. दिसायला लांब असलेला रस्ता १७० किलोमीटरने जवळचा निघतो.

लागणारी माहिती एवढीच: दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश, दशांश अंशांत. लंडनचं हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. न्यूयॉर्कचं जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. आता पायऱ्या:

१. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का ते आधी पाहा. कोसाइन ६० काढा. ०.५ आलं तर ठीक. उणे ०.९५ आलं तर तो रेडियनवर आहे, बदलून घ्या. स्प्रेडशीटमध्ये कोन रेडियनमध्येच द्यावे लागतात, म्हणजे अंशांना ३.१४१५९ ने गुणून १८० ने भागायचं.

२. रेखांशांतला फरक काढा. दोन्ही पश्चिम आहेत म्हणून वजाबाकी: ७३.७८ − ०.४६ = ७३.३२. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज. हीथ्रो मूळ रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेला आहे. ते चुकून पूर्वेला धरलं तर उत्तर ६० किलोमीटरने चुकतं.

३. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.७८२२८ × ०.६५१३१ = ०.५०९५१.

४. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, आणि त्याला रेखांश-फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.६२२९२ × ०.७५८८२ × ०.२८७०३ = ०.१३५६७.

५. दोन्हींची बेरीज: ०.६४५१८. तिचा व्यस्त कोसाइन: ४९.८२ अंश.

६. एका अंशाला १११.१९ किलोमीटर. म्हणून ४९.८२ × १११.१९ = ५,५४० किलोमीटर, शेवटचा आकडा जवळच्या दहापर्यंत धरून.

दक्षिण अक्षांश उणे चिन्हाने घ्यायचे, हे विसरलं की ब्राझील थेट उत्तर गोलार्धात जाऊन बसतो. दुसरी नेहमीची चूक अंश-मिनिटांची. ५१ अंश २८ मिनिटं म्हणजे ५१.२८ नव्हे. २८ ला ६० ने भागलं की ०.४७ येतं, म्हणून ५१.४७. ही एक चूक उत्तर-दक्षिण दिशेत २१ किलोमीटर सरकवते.

या सूत्राची एक मर्यादा कामात लक्षात ठेवावी लागते. शहरं जवळजवळ असतील तर पाचव्या पायरीतली बेरीज १ च्या अगदी जवळ येते, आणि दशांशस्थळं कमी घेतली तर उत्तर ढासळतं. खरं अंतर १०० किलोमीटर असेल तर ती बेरीज ०.९९९८७७ येते. चारच स्थळं ठेवून ०.९९९९ लिहिलं की उत्तर ९० किलोमीटर निघतं, म्हणजे १० टक्के चूक. निदान सात-आठ स्थळं ठेवा, किंवा जवळच्या अंतरांसाठी हॅवरसाइन सूत्र वापरा. ते याच अडचणीसाठी बरं पडतं.

हे गणित पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा पूर्ण गोल मानतं. प्रत्यक्षात विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ आहे. तो चपटेपणा धरणारी अचूक पद्धत याच मार्गासाठी सुमारे ५,५५५ किलोमीटर देते. फरक १५ किलोमीटरचा, म्हणजे उड्डाणात एका मिनिटाचा. एरवीही चूक अर्ध्या टक्क्याच्या वर सहसा जात नाही, त्यामुळे वेळेसाठी गोल पुरतो.

गणित नको असेल तर पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. दोरा दोन्ही शहरांवर टेकवून ताणा, तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. लंडन–न्यूयॉर्कला दोरा १३ सेंटिमीटर लागेल. मुलांना हे करून दाखवण्यासारखं आहे: न्यूयॉर्क–टोकियोचा दोरा अलास्कावरून जातो तेव्हा कमानीचं कोडं एका नजरेत सुटतं.

एककं बघून घ्या. विमान क्षेत्रात नॉटिकल मैल चालतो, तो १.८५२ किलोमीटर. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटर. २,९९० नॉटिकल मैलांना साधे मैल समजलात तर अंतर ७०० किलोमीटरहून अधिक कमी धरलं जातं.

विमान त्या रेघेवरून जात नाही

बृहद्वृत्त ही किमान मर्यादा. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेने निघून वळावं लागतं, उतरताना रांगेत यावं लागतं, मधे हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रं, वादळं टाळावी लागतात. लांबच्या उड्डाणाला ३ टक्के, १,५०० किलोमीटरच्या आसपास ५ टक्के आणि ४००-५०० किलोमीटरच्या आत १० टक्के वाढवून धरा. छोट्या उड्डाणात टक्का जास्त, कारण वळसे तेवढेच असतात आणि मूळ अंतर थोडं.

हवाई हद्द बंद असेल तर हे टक्के निरुपयोगी ठरतात. हेलसिंकी–टोकियो अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. पुढे दिलेल्या वेळेच्या हिशोबाने साडेनऊ-पावणेदहा तास यायला हवेत, आणि पूर्वी तेवढेच लागत. २०२२ च्या वसंतापासून बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. आता ती विमानं उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घेतात आणि १३ तासांच्या आसपास लागतात. म्हणून अंदाज आणि वेळापत्रक यांत तासाहून जास्त तफावत दिसली तर गणिताआधी नकाशा तपासा. आणि एकाच मार्गावर दोन कंपन्यांचे वेळ फार वेगळे दिसले तर एकीला ती हद्द खुली आहे आणि दुसरीला नाही, असं असू शकतं.

आता वेळ

वेळेचे तीन भाग करा, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिला भाग उंचीवरच्या एकसारख्या वेगाच्या प्रवासाचा, म्हणजे क्रूझचा. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर. ए३२० किंवा ७३७ सारखी एका मार्गिकेची (आसनांमध्ये एकच वाट असलेली) विमानं माख ०.७८ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाच्या जवळपास उडतात, म्हणजे ताशी ८३०. ७८७ आणि ए३५० ही मोठी विमानं माख ०.८५ ला, म्हणजे ताशी ९००. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाला ताशी ५०० धरा. छोट्या मार्गावर विमान कोणतं आहे हे न बघता वेळ काढणं ही सर्वांत मोठी चूक: ६०० किलोमीटरला जेट आणि पंख्याचं विमान यांत अर्ध्या तासाचा फरक पडतो.

दुसरा भाग चढण्या-उतरण्यात वाया जाणाऱ्या वेळेचा. विमानाला वर जायला २० ते २५ मिनिटं लागतात आणि त्या काळात वेग कमी असतो. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही मर्यादा आहे. उतरण्यासाठी वैमानिकांचा ठोकताळा असा: हजार फुटांतली उंची गुणिले तीन, तेवढे नॉटिकल मैल आधी खाली यायला सुरुवात. ३५,००० फुटांवरून १०५ नॉटिकल मैल, सुमारे १९५ किलोमीटर. हे सगळं धरून क्रूझच्या हिशोबावर २० ते २५ मिनिटं मिळवा. उड्डाण तासाचं असो की चौदा तासांचं, हा आकडा जवळपास तोच राहतो.

तिसरा भाग जमिनीवरचा. वेळापत्रकात छापलेला वेळ ब्लॉक टाइम असतो: विमान गेटवरून मागे सरकल्यापासून पुढच्या गेटवर थांबेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतची सरक, रांग, उतरल्यावर गेटपर्यंतचा प्रवास येतो. छोट्या विमानतळांना मिळून १५ मिनिटं, मोठ्या गर्दीच्या विमानतळांना ३५ धरा.

लंडन–रोम करून पाहू. बृहद्वृत्त सुमारे १,४४५ किलोमीटर, ५ टक्के वाढवून १,५१७. भागिले ८३०, म्हणजे १ तास ५० मिनिटं. अधिक २०, अधिक जमिनीवरची २५: २ तास ३५ मिनिटं. छापील वेळही अडीच तासांच्या आसपास असतो. लंडन–पॅरिस ३४७ किलोमीटर, १० टक्क्यांनी ३८२; उंचीवरचा हिशोब फक्त २८ मिनिटांचा, पण ब्लॉक टाइम सव्वा तास. निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्या-तिसऱ्या भागात जातो. म्हणूनच ३०० किलोमीटर आणि ५०० किलोमीटर यांच्या छापील वेळांत फारसा फरक दिसत नाही, आणि छोट्या अंतराला ‘ताशी ८००’ने भागलेला आकडा हास्यास्पद येतो.

वारा

मध्य अक्षांशांत, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहते. हिवाळ्यात तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. पूर्ण मार्गाची सरासरी काढली तर लांबच्या पूर्व-पश्चिम उड्डाणाला उन्हाळ्यात ताशी ४०-६० आणि हिवाळ्यात ८०-१२० किलोमीटरचा परिणाम धरणं व्यवहारात ठीक बसतं. उत्तर-दक्षिण मार्गांना आणि विषुववृत्ताजवळ तो बराच कमी.

लंडन–न्यूयॉर्कचं अंतर ३ टक्के वाढवून ५,७०६ किलोमीटर. पश्चिमेला जाताना ९०० मधून ९० वजा: ५,७०६ ÷ ८१० = ७ तास ३ मिनिटं. चढ-उताराची २० आणि जमिनीवरची ३५ मिळवून ७ तास ५८ मिनिटं. पूर्वेला येताना ५,७०६ ÷ ९९० = ५ तास ४६ मिनिटं, एकूण ६ तास ४१ मिनिटं. छापील वेळ याहून थोडा जास्त, ७ तासांच्या आसपास असतो. कंपन्या उशिराची सोय म्हणून काही मिनिटं आधीच घालून ठेवतात, आणि हीथ्रोला उतरण्याआधी विमानांना घिरट्या घालाव्या लागणं नवं नाही.

इथे एक गैरसमज मोडायला हवा: ‘जाताना गमावलेलं येताना भरून निघतं.’ निघत नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, पाठीच्या वाऱ्यात कमी. वारा नसता तर वरच्या दोन्ही फेऱ्यांचा क्रूझ मिळून १२ तास ४१ मिनिटं झाला असता. वाऱ्यासह तो १२ तास ४९ होतो. वारा जितका जोरदार, तितकी ही तूट वाढते.

वारा किती खेळ करू शकतो याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. कियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार झालेलं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्यामुळे आसनासमोरच्या पडद्यावर ताशी १,२०० किंवा १,३०० असा आकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही. तो जमिनीच्या संदर्भातला वेग आहे. हवेच्या संदर्भात विमान नेहमीच्याच वेगाने उडत असतं.

याच वाऱ्यासाठी विमान मुद्दाम लांबचा रस्ताही धरतं. उत्तर अटलांटिकवरच्या मार्गांची आखणी दिवसातून दोनदा नव्याने होते, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळी आणि पूर्वेला जाणाऱ्यांसाठी वेगळी. त्यामुळे एका दिवसाचा माग पाहून ‘मार्ग असाच आहे’ असं ठरवू नका.

घड्याळाचा हिशोब

तिकिटावरचे दोन्ही वेळ तिथल्या-तिथल्या प्रमाणवेळेत असतात. सरळ वजाबाकी चालत नाही. दोन्ही वेळ आधी यूटीसीत, म्हणजे जगभराच्या समान संदर्भवेळेत आणा, मग वजा करा.

टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी १० ला पोचतं. निघण्याआधीच पोचल्यासारखं वाटतं. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे निघाली वेळ ०८:०० यूटीसी. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणजे पोचली वेळ १८:०० यूटीसी. उड्डाण १० तासांचं.

चूक होते ती उन्हाळी वेळेत. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक ५ ऐवजी ४ तासांचा असतो. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे पुन्हा एक आठवडा तेच. सिडनीचं चक्र उलटं असल्याने लंडन–सिडनी फरक वर्षभरात ९, १० आणि ११ तास असा फिरतो. म्हणून प्रवासाच्या तारखेचाच फरक घ्या, आजचा नव्हे. सगळे फरक पूर्ण तासांचे असतात असंही नाही: भारत साडेपाच तास पुढे आहे आणि नेपाळ पावणेसहा. तिकिटावर वेळेपुढे ‘+१’ असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची.

ताळा

अंदाज आला की उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्याच क्रमांकाच्या गेल्या दोन आठवड्यांच्या नोंदी पाहा. एक-दोन दिवसांवर जाऊ नका, वेळा चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. तिथे बहुधा जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ असतो, ब्लॉक टाइम नव्हे. त्याची तुलना पहिल्या दोन भागांच्या बेरजेशीच करा, नाहीतर अर्धा तास कुठे गेला ते शोधत बसाल. ऋतूही तोच हवा: जानेवारीच्या प्रवासासाठी जुलैच्या नोंदी कामाच्या नाहीत.

मधे थांबा असेल तर

दोन टप्प्यांची अंतरं वेगवेगळी काढून बेरीज करा आणि थेट अंतराशी ताडून पाहा. लंडन–सिडनी थेट सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,८८० अधिक ६,३००, म्हणजे १७,१८०. जेमतेम १ टक्का जास्त. लॉस एंजेलिसमार्गे मात्र ८,७६० अधिक १२,०५०, म्हणजे २०,८१०, बावीस टक्क्यांहून अधिक. सिंगापूरमार्गाहून ३,६०० किलोमीटर जास्त, म्हणजे उंचीवरचे आणखी ४ तास. भाडं स्वस्त दिसलं तरी हे ४ तास त्यात मोजा.

प्रत्येक थांब्यामागे चढ-उताराची आणि जमिनीवरची मिळून ४५ ते ५५ मिनिटं पुन्हा लागतात, कारण दुसरा आणि तिसरा भाग प्रत्येक टप्प्याला नव्याने येतो. शिवाय विमान बदलण्याचा वेळ. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर विमानतळाने ठरवलेला किमान वेळ पाळूनच जोडणी दिलेली असते. वेगळी तिकिटं काढली तर ती जबाबदारी तुमची: सामान परत घ्या, पुन्हा जमा करा, पुन्हा सुरक्षा तपासणी. अशा वेळी पहिल्या विमानाच्या छापील पोचवेळेत निदान ३ तास मिळवूनच दुसरं विमान निवडा, आणि विमानतळ बदलायचा असेल तर त्यावर रस्त्याचा वेळ वेगळा धरा.